पाचशेच्या नोटेवरचा डाग

काल संध्याकाळी गोखले रोडजवळच्या एका मेडिकलवाल्याने माझी पाचशेची नोट परत दिली. दिली म्हणजे कशी, मेलेला उंदीर शेपटीला धरून देतात तशी. "काका, ही नाही चालणार, डाग आहे." बिल १८६ रुपयांचं, आईच्या बीपीच्या गोळ्या. मी फक्त शेहेचाळीस वर्षांचा आहे पण ते जाऊ दे. जीपे करा म्हणाला तर नेमका फोन मेलेला. आणि डाग पडलेली, पेनाने लिहिलेली नोटसुद्धा चालते, बँका घेतात, हे रिझर्व्ह बँकेने किती वेळा सांगून झालंय, पण रिझर्व्ह बँक काय माझ्या बाजूने नौपाड्यात येऊन उभी राहणारे?

तर मी जरा आवाज चढवणार एवढ्यात मागून हात आला आणि नोट गायब. सत्तरीचे गृहस्थ, हाफ शर्ट, हातात दुधीची पिशवी. "खर्च करू नका! एरर असेल!" (एरर म्हणजे छापताना चुकलेली नोट, ती जमवणारे जास्त पैसे देऊन घेतात.) आणि चष्म्याच्या डबीतून चक्क भिंग काढलं. मेडिकलच्या रांगेत भिंग घेऊन येणारा माणूस ठाण्यातच भेटू शकतो.

पुढची दहा मिनिटं त्यांनी ती नोट ट्यूबलाइटखाली अशी तपासली जशी माझी छाती आजवर कुठल्या डॉक्टरने तपासली नाही. साडू नाशिक रोडच्या प्रेसला होता म्हणे. "छापताना कागदाला घडी पडली ना, की घडीखालचं कोरं राहतं. उलगडलं की मधे पांढरा पट्टा, आणि पट्टा मिटवून धरला की दोन्हीकडची नक्षी तंतोतंत जुळते. ती खरी चूक. ओल्या शाईचा दुसऱ्या कागदावर ठसा उठला तर तो उलटा, आरशात दिसतो तसा. तीपण खरी. आणि गांधीजी ज्या प्लेटने छापतात तिच्यावरची जादा शाई नीट पुसली नाही गेली तर असा धुरकट फराटा येतो." असा म्हणजे माझ्या नोटेवरच्यासारखा! मागच्या बाईंना फक्त क्रोसिन हवी होती, त्याही मान पुढे काढून बघायला लागल्या. एकाने विचारलं, नंबरात स्टार असलेली नोट खोटी असते ना? तर काका त्याच्यावरच घसरले, "अहो २००६ पासून आहेत त्या! छापताना नोट खराब निघाली की तिच्या जागी स्टारवाली घालतात. व्हॉट्सॅपवर वाचता काय!" २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला हेच परत सांगायला लागलं होतं, पण रांगेत काकांचा शब्द जास्त चालला.

मग हळूच मला म्हणाले, "सातशे देतो."

इथे माझं चुकलं. मघाशी ज्या नोटेपायी चारचौघांत माझी लाज गेली होती तिचा मला एकदम अभिमान वाटायला लागला, पोरगं अचानक बोर्डात आल्यासारखा, आणि मी म्हणालो, "दोन हजार."

काकांनी परत भिंग लावलं. डाग खाली उजवीकडे, नंबराच्या शेवटच्या दोन मोठ्या आकड्यांपर्यंत गेलेला. बराच वेळ बघितलं, मग अंगठ्याला थुंकी लावून (हो, थुंकी) डागावर घासलं. अंगठा निळा.

"नंबर सगळ्यात शेवटी पडतो हो," ते म्हणाले. "प्लेटवरच्या शाईचा फराटा नंबराच्या खाली असायला हवा, हा वरून गेलाय. पेन गळलंय कुणाचं तरी."

सगळ्यांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. मीही बघितलं. खिशाच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढा निळा ठिपका. नवीन शर्ट होता, मागच्या रविवारी राम मारुती रोडवरून घेतलेला, आणि पेन ऑफिसात कुणीतरी फुकट वाटलेलं. फुकटचं पेन कुणी घेऊ नये.

क्रोसिनवाल्या बाई पुढे सरकल्या, माझा नंबर गेला. शेवटी १८६ रुपये काकांनीच स्वतःच्या फोनवरून भरले, मला न विचारता, आणि मेडिकलवाल्या पोराला म्हणाले, "यांचं वाईट वाटून घेऊ नकोस." माझं? मी काय केलं?

आज सकाळी आठ वाजता मी घंटाळीच्या त्यांच्या बिल्डिंगखाली दोनशेची नोट घेऊन उभा. त्यांनी ती घेतली, उन्हात धरली, तिरकी केली, मागचा सांचीचा स्तूप बघितला, नंबर दोन्हीकडून वाचला. मी अवघडून उभा.

"साधी आहे," म्हणाले, खिशात टाकली आणि सुटे चौदा नाहीत म्हणून एक लिंबू दिलं.