‘कोणताही ब्रश चालतो’ म्हणणाऱ्यांना

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या पार्लरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कधी जालन्याहून येतो, कधी लातूरहून, मजकूर तोच: ‘अ‍ॅक्रेलिक नखांच्या ब्रशवर पैसे घालू नका, कोणताही चालतो. नंबर जेवढा मोठा, तेवढं काम लवकर. काम झालं की अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, ब्रश नव्यासारखा.’ परभणीत माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीही हे खरं धरून चालतात, म्हणून लिहायला बसले.

कोणताही ब्रश चालत नाही. जेलचा ब्रश सहसा नायलॉनचा. तयार जेल पसरवायचं एवढंच त्याचं काम. अ‍ॅक्रेलिकचं नख मात्र लिक्विड आणि पावडर ब्रशच्या टोकावर एकत्र करून, त्याचा ओला गोळा नखावर थापून बांधतात. त्यामुळे या ब्रशला लिक्विड पोटात, म्हणजे केसांच्या फुगीर भागात, धरून ठेवावं लागतं आणि टोक पावडरला टेकलं की बेतानं सोडावं लागतं. हे कोलिन्स्की केसांना चांगलं जमतं. हे केस सायबेरिया आणि ईशान्य चीनकडच्या, मुंगसासारख्या लांबट अंगाच्या एका प्राण्याच्या शेपटीचे. प्राण्याचे केस नको असतील तर खास अ‍ॅक्रेलिकसाठी केलेला सिंथेटिक घ्या, त्यातले काही बरे निघतात. पण जेलच्या किटमधला उचलू नका.

मोठ्या नंबरची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. १६ नंबरच्या ब्रशचं पोट मोठं, त्यात लिक्विड जास्त बसतं. सरावलेल्या हाताला ते आवरतं, नवशिकीला नाही. क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा पुरतो. तिथं हरभऱ्याएवढा ओला गोळा ठेवला की तो पसरून कातडीवर जातो. न सुकलेलं लिक्विड असं वारंवार कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी होऊ शकते: बोटांना खाज, लाली, कधी बारीक फोड. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. गिऱ्हाइकाला तर होऊ शकतेच, रोज काम करणाऱ्या बाईलाही होऊ शकते.

त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा चाळिशीपार, लाइट गेलेली. उष्णतेनं अ‍ॅक्रेलिक भराभर घट्ट होतं. मोठा गोळा थापून बसवेपर्यंत हाताखालीच आखडतो. मग बायका लिक्विड वाढवतात आणि पुन्हा तेच, कातडीवर ओघळ. उन्हाळ्यात छोटे गोळे घेऊन तीन टप्प्यांत नख बांधावं. त्यासाठी ८ किंवा १० नंबर पुरे. कंपनीगणिक नंबरांचं माप बदलतं, तेव्हा आकड्यावर न जाता ब्रशचं पोट बघा.

अ‍ॅसिटोननं ब्रशला चिकटलेलं अ‍ॅक्रेलिक सुटतं, तेवढं खरं. पण केसांचा ओलावाही जातो. माझा पहिला चांगला ब्रश मी असाच घालवला: केस खराट्यासारखे फिसकटले, टोक परत कधी जुळलं नाही. ब्रश ज्या लिक्विडनं काम करतो त्यातच धुवायचा. साबण नको, पाणी नको. टिश्यूवर हलक्या हातानं ओढून टोक जुळवायचं आणि आडवा ठेवायचा. उभा ठेवला तर लिक्विड खाली धातूच्या नळीत उतरतं आणि आतला गोंद सुटतो.

माझा आत्ताचा १० नंबरचा ब्रश तिसऱ्या लग्नसराईत आहे.