तिलेही तीस, त्यालेही तीस

बारावीची प्रॅक्टिकल संपली. आमच्याकडे केमिस्ट्रीत झाडून सगळ्यांना ३० पैकी ३०. मार्कांच्या शीटवर सही माझीच आहे, म्हणून कोणाला बोल लावायच्या आधी हे सांगून टाकतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात तासिकेवर शिकवतो. पटावर ऐंशी पोरं, वर्गात वीस. बाकीची नागपूरला नाहीतर लातूरला, 'नीट'च्या क्लासला. आईबापाला दोष कसा देऊ? मेडिकलचा नंबर 'नीट'च्या ७२० मार्कांवर लागतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४० टक्के पडले की बारावीचं काम संपलं. मग ७० मार्कांच्या लेखीसाठी आमच्या गळक्या लॅबमध्ये कोण बसतो? आणि ३० तर घरपोच.

येणाऱ्या विसांत एक पोरगी आहे. सकाळच्या एसटीनं येते. पास फुकट नसता तर दहावीवरच थांबली असती, हे तिचंच म्हणणं. परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे जांभळं द्रावण अ‍ॅसिडात थेंबथेंब सोडून रंग टिकतो तो क्षण पकडायचा प्रयोग, तिनं यंदा चारदा केला. पहिल्यांदा ब्युरेटचा, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीचा, खालचा नळ जास्त फिरला आणि फ्लास्क भडक झाला. पुढच्या खेपेला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड गरम करायचंच राहिलं. चौथ्यांदा एका थेंबावर फिका गुलाबी रंग आला आणि टिकला, तशी ती इतकी हरखली की रीडिंग घ्यायचं विसरली.

परीक्षेला तिच्या शेजारी क्लासवाला पोरगा. त्यानं ब्युरेट उलटी धरली होती, नळ वर. खोटं नाही सांगत. जर्नल मात्र देखणं, कोणाच्या तरी अक्षरातलं. बाहेरून आलेले परीक्षक भला माणूस, पण त्यांना परतीची गाडी गाठायची होती. ते पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहत होते. "सर, खेड्यातली पोरं आहेत, कायले कापता?" हे मीच बोललो.

खेड्यातल्या पोरांवर दया म्हणून मार्क द्यायचे, याचाच आता मला राग येतो. मागे ब्युरेटी आणि गॅसचे पैसे मागायला ऑफिसात गेलो, तर उत्तर मिळालं, "प्रॅक्टिकलले सगळेच पास हायेत ना सर, मंग काऊन पाहिजे?" बोला आता. प्रयोग होत नाहीत म्हणून आम्ही मार्क देतो, आणि मार्क पडतात म्हणून लॅबला कोणी पैसा देत नाही. बाहेरच्या परीक्षकानं नुसतं एक रीडिंग स्वतःसमोर घ्यायला लावलं, तरी निम्मा पट उघडा पडेल. माझ्यासकट.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ती टेबल पुसत होती.

"सर, त्यालेही तीसच देसान काय?"

मी म्हटलं, ब्युरेट धुऊन ठेव.