टेकडी चढणाऱ्या आईची व्हीलचेअर

माझी आई रोज पहाटे वेताळ टेकडी चढून येते. दुधाची पिशवीही येतानाच आणते. २०२३ साली तिच्या पुणेरी पायांसाठी मी इथे न्यू जर्सीत बसून तिकिटावर व्हीलचेअर मागवली. गुडघे ठणठणीत होते, अडचण फ्रँकफर्टची होती. तिथे विमान बदलायचं आणि आईचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे सरकत नाही.

आमच्या एडिसनमध्ये यात कुणाला काही वावगं वाटत नाही. "तिकिटावर टाका हो व्हीलचेअर, हातोहात आणून सोडतात," हे नव्या माणसाला पहिल्याच हळदीकुंकवात कळतं. नेवार्कला मी आईला घ्यायला उभा होतो. एक मदतनीस दोन हातांनी दोन खुर्च्या ढकलत आला. एकीत आई, मांडीवर भाजणीची पिशवी. दुसरीत एक तेलुगू आजी. दार ओलांडताच दोघी टुणकन उतरल्या आणि एकमेकींना मिठी मारून मोकळ्या झाल्या. त्या माणसाकडे मला बघवेना. पाच डॉलर जास्त दिले, त्याने काय होणार म्हणा.

पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींत हा विषय निघाला की निकाल ठरलेला असतो: फुकटे लेकाचे, जगात नाव घालवतात, दाखला मागा, पैसे लावा. नाव घालवण्याबद्दल एवढंच सांगतो, की २०२४ मध्ये फ्रंटियर या अमेरिकी विमान कंपनीचे प्रमुख बॅरी बिफल जाहीरपणे हेच रडगाणं गात होते. चढताना वीस जण खुर्चीवर, उतरताना तीन. वाटेत बरे होणारे अमेरिकेतही आहेत. दाखल्याचं म्हणाल, तर आपल्याकडे लग्नाला जायच्या रजेसाठीसुद्धा डॉक्टरांचा दाखला मिळतो. अडायचा तो हृदयाचा रुग्ण, जो दिसायला धडधाकट असतो. इथे १९८६ च्या एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्टखाली ही मदत मोफत आहे आणि व्हीलचेअरसाठी कंपनीला दाखला मागता येत नाही. या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो हे खरंच. तरी मला हा कायदा दाखल्यापेक्षा बरा वाटतो.

पण म्हणून मी सुटत नाही. आई येऊन गेली त्याच्या पुढच्याच फेब्रुवारीत, २०२४ मध्ये, न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका ८० वर्षांच्या गृहस्थांची बातमी आली. नवराबायको दोघांसाठी खुर्च्या मागवलेल्या होत्या, मिळाली एकच. बायको बसली, ते शेजारून चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. गेले. मागणी फार होती, थांबायला सांगितलं होतं, असं एअर इंडियाचं म्हणणं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. बातमी वाचताना मला भाजणीची पिशवी दिसत होती.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंना कमरेखाली हालचाल नाही. त्यांची स्वतःची खुर्ची विमानाच्या पोटात जाते. सगळे उतरेपर्यंत त्या सीटवर बसून राहतात, मग दोन सीटच्या रांगांमधून जाईल अशी अरुंद खुर्ची येते. ती ढकलणारी माणसं बहुतेकदा आधीच्या दहा जणांना सोडायला गेलेली असतात. मी त्यांना आईची गोष्ट सांगितली, थोडा ओशाळूनच. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला माणूस हवा होता, खुर्ची नको होती. मग खुर्ची का मागितलीस?"

कारण तिकीट काढताना समोर तेवढाच चौकोन होता. खरं तर विमान कंपन्यांकडे वेगवेगळे संकेत आहेत. लांब चालवत नाही, जिना चढवत नाही, अजिबात चालता येत नाही, असे व्हीलचेअरचेच तीन. आणि नुसती सोबत हवी असणाऱ्यासाठी वेगळा, 'मास'. खुर्ची नाही, फक्त माणूस. हा शब्द आमच्या एडिसनमधल्या एकाही सल्लागाराच्या तोंडून मी ऐकलेला नाही. आपले निम्मे आजी-आजोबा भीतीपोटी खुर्चीत बसतात असं माझं मत आहे. उरलेले रांग चुकवायला बसतात, त्यांची वकिली मी करणार नाही.

यंदा आई पुन्हा येते आहे. मी कंपनीला फोन लावला. म्हटलं, व्हीलचेअर नको, बदलीच्या विमानतळावर 'मास' टाका. पलीकडच्या बाईंनी बराच वेळ कळफलक बडवला आणि प्रेमाने म्हणाल्या, "सर, त्यापेक्षा व्हीलचेअरच टाकते ना, सोपं पडेल."