बंधित निधी, घरपट्टी आणि जकात : एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्रामपंचायती आणि महापालिकांच्या आर्थिक परावलंबनाचे खापर दिल्लीवर फोडणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्या ग्रामपंचायतीला आपल्याच गावकऱ्यांकडून घरपट्टी वसूल करता येत नाही, तिने दिल्लीकडे आर्थिक स्वातंत्र्य कोणत्या तोंडाने मागावे, आणि वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून येणाऱ्या निधीला अटी नसत्या तर तो प्रवेशद्वाराच्या कमानींत गेला असता, असे आपले म्हणणे आहे. कमानींबद्दल मी वाद घालणार नाही. आमच्याच गावात अशी एक उभी आहे आणि तिच्याखालून सांडपाणी वाहते.

पण अटींमुळे उधळपट्टी थांबते, हे मला पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवली, म्हणजे ती दुसऱ्या कामावर खर्च करता येत नव्हती. उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेतूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. आमच्याकडे शाळेच्या वाटेवरचा फरशी पूल खचला तेव्हा अबंधितचे खाते रिकामे होते आणि बंधितमध्ये रक्कम पडून होती. ‘बंधितमधून पूल बसत नाही,’ असे ग्रामसेवकांनी ग्रामसभेत सांगितले, ते नियमाला धरूनच होते. पुढे ती बंधित रक्कम खर्चायला आराखड्यात धडधाकट पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आली. म्हणजे उधळपट्टी झालीच, फक्त ती नियमात बसवून झाली.

वसुली कमी आहे हे खरे. सरपंचाला शेजाऱ्याच्या दारावर थकबाकीची नोटीस लावणे जड जाते, हे त्याचे एक कारण. परंतु त्याच ग्रामसभेत एका गृहस्थांनी ‘पूल होणार नसेल तर पट्टी कशाची भरायची?’ असे विचारले, तेव्हा कोणालाच उत्तर सुचले नाही.

आपल्या एका मुद्द्यापुढे मात्र मी माघार घेतो : सगळे खापर दिल्लीवर फोडणे चूक होते. कोणता कर लावायचा हे स्थानिक संस्था राज्याच्या कायद्याबाहेर जाऊन ठरवू शकत नाहीत. पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनेही तो अधिकार विधिमंडळाकडेच ठेवला. मुंबईचे उदाहरण घ्या. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर गोळा होणारी जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, हे महापालिकेचे हक्काचे उत्पन्न होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्याच्या तिजोरीतून दरमहा नुकसानभरपाई सुरू झाली. पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा होता. जकातीची व्यवस्था काही आदर्श नव्हती, नाक्यांवरच्या रांगा आणि चिरीमिरी सर्वांना ठाऊक होती. तरीही स्वतः वसूल केलेला पैसा आणि दुसऱ्याने दिलेला हप्ता यांत, रक्कम तीच असली तरी, फरक असतो. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. निर्णय राज्य मंत्रिमंडळाचा, घट महापालिकेच्या उत्पन्नात.

तेव्हा लेखाच्या शीर्षकातील ‘दिल्लीची’ हा शब्द मी आज काढून टाकला आहे.