गाडी घ्या, पण चालवू नका!

सर्वप्रथम अभिनंदन! दोन फ्लॅट झाले, अलिबागचा बंगला झाला, पोरगं शिकायला परदेशी गेलं, तरीही पैसे उरले. असलं दुःख सगळ्यांच्या नशिबी येत नाही. आता हे पैसे ठेवायचे कुठे? सोनं काय, कोणीही घेतं. एसआयपी आमच्यासारख्या पगारदारांनी करावी. तुमच्या इभ्रतीला शोभेल अशी गुंतवणूक एकच: लिमिटेड एडिशन स्पोर्ट्स कार.

भाव तर बघा. मर्सिडीजची १९५५ सालची '३०० एसएलआर उलेनहाउट कूपे' मे २०२२मध्ये साडेतेरा कोटी युरोंना गेली. आपले झाले अकराशे कोटींच्या आसपास. जगात अशा दोनच. फेरारीने १९६२ ते ६४ या काळात २५० जीटीओ बनवल्या ३६. त्यातली एक २०१८मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. एफडीवर किती मिळतं ते तुम्ही जाणताच.

मला या विषयातलं एवढं कधीपासून कळायला लागलं म्हणाल, तर आमची प्रभादेवीची जुनी बिल्डिंग रीडेव्हलप झाल्यापासून. सेल विंगमधल्या, म्हणजे बिल्डरने बाहेरच्यांना विकलेल्या भागातल्या, एका साहेबांनी अशीच एक गाडी आणून ठेवली आहे. मॉडेल सांगत नाही, मुंबईत अशा इतक्या कमी आहेत की लगेच पत्ता लागेल. रंग मात्र मलाही नीटसा आठवत नाही. दिवाळीपासून आम्ही फक्त कव्हर बघतोय.

तर, नुसते पैसे आहेत म्हणून शोरूममध्ये शिरू नका. हसतील. या गाड्या विकत मिळत नाहीत, अलॉट होतात. आधी त्याच कंपनीच्या दोन-तीन साध्या गाड्या घ्या (साध्या म्हणजे चार-पाच कोटींच्या), त्यांच्या समारंभांना जा, लायकी सिद्ध करा. मग एक दिवस फोन येईल. आमच्या वडिलांच्या पिढीत लोक चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे आणि नंबर लागला की कुणीतरी तीच स्कूटर 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकायचा. चाळीत त्याच्याकडे लोक जरा तिरक्या नजरेनेच बघत. तुमचे मात्र मासिकात फोटो येतील.

सही करताना बारीक अक्षरातलं वाचा. फोर्डने आपली जीटी ही स्पोर्ट्स कार देताना दोन वर्षं विकायची नाही अशी अट घातली होती. कुस्तीवाल्या जॉन सीनाने ती काही आठवड्यांत विकली, तर कंपनीने २०१७मध्ये त्याला कोर्टात खेचलं. पुढे तडजोड झाली. तेव्हा थोडा दम धरा.

'लिमिटेड'वर गाढ श्रद्धा हवी. फेरारीची एफ४० चारशेच्या आसपास बनणार होती, बनल्या तेराशेच्या वर. एन्झो नावाच्या गाड्या ३९९ म्हणाले, मग चारशेवी पोपसाहेबांसाठी काढली. लाफेरारी ४९९ झाल्या, मग इटलीतल्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी पाचशेवी निघाली आणि २०१६मध्ये ७० लाख डॉलरला गेली. पुण्यकर्माला मर्यादा कसली? पोर्शेच्या २०१६च्या ९११ आरची तर गंमतच. बनवल्या ९९१, हाताने टाकायचा गिअर, मागे मोठा पंख नाही. लोकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट मागायला सुरुवात केली. दुसऱ्याच वर्षी पोर्शेने जीटी३ टूरिंग काढली: हातानेच टाकायचा गिअर, मोठा पंख नाही आणि संख्येचं बंधनही नाही. ९११ आरचे भाव खाली आले. ज्यांनी अगदी वरच्या भावाला घेतली होती, त्यांचा विषय आपण काढायचा नाही.

नंबरप्लेट बाहेरच्या राज्याची घ्या, कर वाचतो. महाराष्ट्राने २०२५च्या अर्थसंकल्पात गाडीवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. गरिबाने जगायचं कसं?

कोस्टल रोडवर ताशी ८०ची आणि बोगद्यात ६०ची मर्यादा आहे, पण तुम्हाला काय त्याचं.

कारण गाडी चालवायचीच नाही! किलोमीटर वाढले की भाव पडतो. मॅकलॅरन एफ१ एकूण १०६ बनल्या. त्यातली एक ऑगस्ट २०२१मध्ये पेबल बीचच्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. पाव शतकात ती चारशे किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. म्हणजे मुंबई ते कोल्हापूर, एक खेप, परतीचा प्रवास नाही.

आता न चालणारी गाडी ठेवायची कुठे? सोसायटी आहे ना! स्टॅक पार्किंगच्या, म्हणजे गाडीवर गाडी चढवायच्या, प्लेटवर ती बसत नाही, फार रुंद आणि फार खाली. म्हणून पाहुण्यांच्या दोन जागा घ्या. दोन, कारण शेजारच्या गाडीचं दार लागायला नको. बॅटरी उतरू नये म्हणून तिला कायम चार्जर लावून ठेवावा लागतो, त्याची वायर वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगमधून ओढा. ती फरशीवरून सेलोटेप लावून नेलेली आहे आणि रात्री कव्हरच्या खालून हिरवा दिवा दिसतो. त्याच केबिनच्या दारावर गेल्या उन्हाळ्यातली नोटीस अजून आहे: 'कर्मचाऱ्यांनी येथे मोबाइल चार्ज करू नये. हुकमावरून.' कॉमन मीटरचं बिल वाढतं म्हणे! बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फोनने वाढतं, हिच्याने नाही वाढत.

मग एक अर्ज द्या की गेटवरचा स्पीडब्रेकर काढावा, गाडीचं पुढचं खालून घासतं. सर्वसाधारण सभेत हा विषय चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. गळतीचा सातव्या क्रमांकावर, वेळेअभावी पुढे ढकलला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, गाडीची किंमत बघा. ओरखडा पडला तर जबाबदार कोण?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आणि पोरं खेळतात त्याचं काय?" तर म्हणे पोरांनी गार्डनमध्ये खेळावं. कुठलं गार्डन? ब्रोशरमधलं? ठराव मंजूर. आम्ही वर्गणी काढून बसवलेला स्पीडब्रेकर त्याच आठवड्यात ड्रिल लावून उखडला. त्यानंतर ती गाडी एकदाही गेटबाहेर पडलेली नाही. एकदाही नाही! पण डिलिव्हरीच्या बाइक, टँकर, टेम्पो, सगळे सुसाट आत येतात. माझी आई संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेऱ्या मारते. गेल्या आठवड्यात एका बाइकचा आरसा तिच्या कोपराला लागला. सालटं निघालं. सेक्रेटरींचा सल्ला, "आजींनी भिंतीच्या कडेने चालावं." भिंतीच्या कडेला काय आहे? गाडी. दोन जागांवर तिरकी.

साहेब, तुम्ही वाचताय असं समजून सरळच बोलतो. पैसा तुमचा, गाडी तुमची, हरकत नाही. कंपनीने मुद्दाम कमी बनवल्या म्हणून भाव चढला, त्यात तुमचं कर्तृत्व शून्य, तरी नफा तुमचा. तोही घ्या. पण त्या नफ्यासाठी जागा आमची, वीज आमची आणि कोपर माझ्या आईचं? २०१०मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामायिक आहे. बिल्डरला जी विकता येत नाही ती तुम्ही फुकट दाबून बसलाय.

आणि चालवली की मातीमोल होते, हे तरी कुणी सांगितलं तुम्हाला? रोवन ॲटकिन्सनने, म्हणजे मिस्टर बीनने, १९९७मध्ये मॅकलॅरन एफ१ घेतली, साठ हजारांवर किलोमीटर पळवली, दोनदा ठोकली, आणि २०१५मध्ये ऐंशी लाख पौंडांच्या आसपास विकली. घेतली होती साडेपाच लाखांच्या आत. त्याला जमतं आणि तुम्हाला प्रभादेवीहून वरळीपर्यंत जायची भीती वाटते? लाज वाटायला हवी.

ती वायर काढा. गाडी तुमच्या जागेत लावा, मावत नसेल तर भाड्याने गाळा घ्या, परवडतो तुम्हाला. नवीन स्पीडब्रेकरचे पैसे सोसायटीच्या खात्यात भरा. आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही ऐका: पुढच्या सभेत गळती पहिल्या क्रमांकावर घ्या. माझ्या बाथरूमचं छत ठिबकतंय, त्याला कुणी कव्हर घातलेलं नाही.