पाय बसवला की नैराश्य पळतं?

काबूलमधल्या रेड क्रॉसच्या केंद्रात नवा पाय लावून गिरक्या घेणाऱ्या चिमुरड्याचा २०१९ मधला व्हिडिओ पुन्हा फिरतो आहे. खाली मजकूर जोडलाय तो निर्वासितांबद्दल: ‘युद्धात पाय गेलेल्यांना पाय द्या, नैराश्य आपोआप पळेल. जीव वाचला, सुरक्षित देशात पोचले, आणखी काय हवं? ही कणखर माणसं आहेत, डिप्रेशन हे श्रीमंतांचं दुखणं. आणि छावणीत मानसोपचारतज्ज्ञ आणणार कुठून?’ त्या मुलाचा आनंद खराच आहे. पण खालच्या मजकुरामुळे लोक मदतीचा हात अर्ध्यावर आखडता घेतात, म्हणून उत्तर द्यायला हवं. जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांचं उदाहरण घेते.

आधी ‘पाय द्या की झालं’ हे. कृत्रिम पाय एकदा देऊन भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने पायाचा उरलेला भाग आकसत जातो, नीट बसणारं सॉकेट (पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण) सैल होतं, मग मोज्यावर मोजे चढवायचे, तरी घासतंच. जॉर्डनमधली, जुलै २०१२ मध्ये उघडलेली झातारी निर्वासित छावणी उजाड वाळवंटी जमिनीवर आहे, घरं कॅरॅव्हॅनची. उन्हाळ्यात सॉकेटमध्ये घाम साचतो, कातडी सोलवटते, फोड येतो, आणि तो बरा होईपर्यंत पाय काढून ठेवावा लागतो. म्हणजे पुन्हा कुबड्या, आणि पाण्याला, संडासला जाताना कुणाचा तरी खांदा. मुलांचं तर हाड वाढतच असतं. त्यांचा पाय वर्षभरात तोकडा पडतो, कधी हाडाचं टोक कातडीला आतून टोचू लागतं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

रात्री पाय काढून ठेवल्यावरचं कुणी व्हिडिओत दाखवत नाही. नसलेल्या पायाच्या बोटांत पेटके येतात, नसलेला तळवा जळतो. अवयव गमावलेल्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी होतो. झोप उडते. रोज दुखणाऱ्या, न झोपलेल्या माणसाला नैराश्य गाठतं आणि नैराश्यात तेच दुखणं आणखी जाणवतं. मग व्यायाम सुटतो, पट्टी बांधणं सुटतं, आणि मिळालेला पाय कोपऱ्यात पडून राहतो. मनाकडे दुर्लक्ष केलं की पायही वाया जातो, तो असा.

जयपूर फूटचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, असा पाय जयपूरच्या मंडळींनी घडवला. २०२० च्या सुरुवातीला भारताने सीरियाच्या राजधानीत, दमास्कसमध्येही या पायांचं शिबिर घेतलं. पण कुठलंही शिबिर उठल्यावर सैल झालेलं सॉकेट दुरुस्त कुणी करायचं, हे विचारावंच लागतं.

‘सुरक्षित देशात पोचले’ हे अर्धंच खरं. जॉर्डनमध्ये डोक्यावर बॉम्ब पडत नाहीत. पण २०१४ च्या अखेरीस सीरियनांचे सरकारी मोफत उपचार बंद झाले. २०१६ पासून कामाचे परवाने मिळू लागले ते मुख्यतः शेती, बांधकाम, कारखाने अशा अंगमेहनतीच्या कामांना. पाय गेलेल्या गवंड्याने तो परवाना घेऊन करायचं काय? बाप घरात बसतो आणि शाळेच्या वयाचा मुलगा कामाला लागतो. शिवाय सीमेलगतच्या सीरियातल्या दराआ भागातले कित्येक जखमी एकटेच सीमेपलीकडे आणले गेले, आणि जून २०१६ मध्ये सीमा बंद झाली तेव्हा घरचे तिकडेच राहिले. ज्या स्फोटात पाय गेला त्यातच कुणाचा भाऊ, कुणाची लेक गेलेली असते. हे दुःख कुठल्या सॉकेटात बसवणार?

‘श्रीमंतांचं दुखणं’ हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत साधारण पाचातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. कणखरपणा आणि श्रद्धा माणसाला धरून ठेवतात, मान्य. पण अशी माणसं ‘मी उदास आहे’ म्हणत नाहीत. छातीवर दडपण येतं, अंग मोडून येतं, असं सांगतात आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परततात.

राहिला प्रश्न तज्ज्ञांचा. ते कमी आहेत, हे खरं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पाच बैठकांची एक पद्धत तयार केली, जी प्रशिक्षण दिलेली साधी माणसं चालवू शकतात. जॉर्डनच्याच अझराक छावणीत सीरियन निर्वासितांच्या गटांवर तिची चाचणी झाली. तीन महिन्यांनी नैराश्य कमी झालेलं दिसलं, वर्षभरानंतर मात्र तो फरक टिकला नाही. माझ्या मते यातून एवढंच निघतं की पाच बैठकांवर थांबून चालणार नाही, आणि बाहेरची परिस्थिती तशीच राहिली तर ती पुन्हा खाली ओढते.

जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेचं रुग्णालय २००६ पासून युद्धातल्या जखमींवर उपचार करतं. तिथे शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि समुपदेशन एकाच छताखाली आहे. हातापायासाठी आलेल्या माणसाला मनासाठी वेगळी चिठ्ठी घेऊन दुसरं दार शोधावं लागत नाही.