रुग्णांचे ऑनलाइन अनुभव उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांपर्यंत पोहोचले पाहिजेत

उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवताना रुग्णांनी समाजमाध्यमांवर मांडलेले अनुभव विचारात घेतलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे आणि ते नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमुळे बनले आहे.

दिवाळीनंतर या आजाराच्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येणारे आवाजी संदेश ऐकावेत. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. पहाटेच्या थंडीत फडावर काम सुरू होते आणि मुलाचे हातपाय ठणकू लागतात. भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा, अतिश्रम टाळा, हा सल्ला शास्त्राला धरूनच आहे, कारण शरीरातील पाणी कमी झाले किंवा गारठा लागला की विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पण उसाच्या फडात तो पाळायचा कसा? हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध सुरू असेल तर ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते; ती परमुलखात कुठे करायची? दवाखान्याच्या कागदावर ‘गोळ्या बंद केल्या’ एवढेच उरते, कारण मात्र त्या संदेशात असते.

अशा बोलण्याने सूचना बदलल्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तीव्र थकव्याच्या आजारात (एमई) टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची ‘नाइस’ या तिथल्या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या संस्थेची 2007 ची शिफारस आपली प्रकृती बिघडवते, असे रुग्ण वर्षानुवर्षे सांगत होते. अखेर रुग्णांचाही समावेश असलेल्या समितीने पुरावे नव्याने तपासले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये ती शिफारस मागे घेतली गेली.

तरीही अनुभव म्हणजे सिद्ध पुरावा नव्हे, हेही तितक्याच आग्रहाने म्हणावे लागेल. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारात लिथियम उपयोगी पडते अशी आशा निर्माण झाल्यावर ‘पेशंट्सलाइकमी’ या संकेतस्थळावरील काही रुग्णांनी ते घेतले आणि आपल्या नोंदी ठेवल्या. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात आजाराची गती मंदावल्याचे दिसले नाही. रुग्णांच्या बोलण्यातून काय तपासायचे ते कळते, पण तपासणी शिस्तीनेच व्हावी लागते.

मला अधिक काळजी वाटते ती जे लिहीतच नाहीत त्यांची. पाड्यावर रेंज नसते, घरातला एकुलता फोन पुरुषाच्या खिशात असतो, पावरी किंवा भिली बोलणारी आई मराठीतही मोकळी होत नाही. केवळ ऑनलाइन मजकूर गोळा केला, तर ज्यांचा आवाज आधीच पोहोचतो त्यांचाच पुन्हा पोहोचेल.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले, त्याचे लक्ष्य 2047 चे आहे. तेव्हा स्थलांतरित कुटुंबांचे अनुभव आशाताईंमार्फत त्यांच्याच बोलीत, संमती घेऊन आणि नावे वगळून नोंदवावेत, ते सूचना ठरवणाऱ्या तज्ज्ञांसमोर ठेवावेत. आणि हंगामापुरता गोळ्यांचा साठा सोबत देणे किती सुरक्षित आहे, तसेच कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीची सोय कशी करता येईल, याचे उत्तर त्या सूचनांत लेखी यावे, एवढी माझी मागणी आहे.